अल्काझींचा फोटोसंग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा संग्रह नेमका आहे तरी काय?

नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी स्वतःच्या आवडीपायी आणि स्वतःच्या पैशाने जमवलेल्या जुन्या फोटोंचा हा संग्रह. फोटोंची संख्या नव्वद हजारांच्या पुढे जाते. काळ १८४० च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा. प्रदेश म्हणाल तर मुख्यतः भारत, शिवाय ब्रह्मदेश, श्रीलंका, नेपाळ, तिबेट, अफगाणिस्तान हे शेजारही आहेत. २००६ मध्ये दिल्लीत अल्काझी फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था झाली आणि संग्रह तिच्याकडे आला. म्हणजे संग्रह खासगी, तरी लोकांसाठी खुला.

अल्काझी म्हणजे एनएसडीचे (राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे) ना? त्यांचा फोटोंशी काय संबंध?

हो, तेच. जन्म पुण्यातला, १९२५ चा. वडील अरबस्तानातून व्यापारासाठी आलेले, आई कुवेतची. शाळा पुण्यात, कॉलेज मुंबईत सेंट झेवियर्सला. लंडनहून नाट्यशिक्षण घेऊन आल्यावर मुंबईत थिएटर युनिट या नाट्यसंस्थेचं काम केलं आणि १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची धुरा सांभाळली. आपल्या रोहिणी हट्टंगडी त्यांच्याच विद्यार्थिनी.

विद्यालय सोडल्यावर पत्नी रोशन यांच्यासोबत त्यांनी दिल्लीत आर्ट हेरिटेज ही चित्रांची गॅलरी काढली. पुढे लंडन-न्यूयॉर्कच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि तिथल्या लिलावांतून, जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडून भारतातले जुने फोटो ते घेत गेले. इंग्रज अधिकारी निवृत्त होऊन मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे अल्बमही सोबत गेले होते. नातवंडा-पतवंडांच्या पिढीत त्या माळ्यावरच्या ओझ्याचं कोणाला सोयरसुतक उरलं नाही आणि ते बाजारात आलं. अल्काझी नेमके त्या वेळी बाजारात होते.

आता संबंधाचं. जुन्या फोटोत कॅमेऱ्यापुढे कोण बसलंय, कोण उभं आहे, मागचा पडदा कुठला, उजेड कुठून येतोय, हातात तलवार दिलीय की पुस्तक, या सगळ्याला नाटकवाला नेपथ्य म्हणेल. ज्याने आयुष्यभर रंगमंचावर माणसं उभी केली, त्याच्या नजरेला असे फोटो पडणार यात मला तरी नवल वाटत नाही.

खासगी म्हणता आणि लोकांसाठी खुलाही म्हणता. हे कसं काय?

मालकी खासगी न्यासाची, वापर लोकांचा. अशी उदाहरणं आपल्याकडे आहेतच. पुण्याचं केळकर संग्रहालय एका माणसाच्या घरातल्या संग्रहातूनच उभं राहिलं. फरक इतकाच की दिनकर केळकरांनी तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. अल्काझींचा संग्रह सरकारकडे गेला नाही. तो प्रदर्शनं, पुस्तकं आणि अभ्यासकांच्या भेटी या तीन वाटांनी लोकांपर्यंत येतो. पहिली काही वर्षं तर न्यूयॉर्कमध्ये सेपिया इंटरनॅशनल नावाची त्यांची गॅलरी होती आणि तिथे हे फोटो लागत. अल्काझी ४ ऑगस्ट २०२० रोजी गेले. संग्रहाची जबाबदारी त्याआधीच त्यांचे नातू राहाब अल्लाना यांनी उचलली होती.

एक लक्षात ठेवा, ‘खुला’ याचा अर्थ ‘वाटेल तेव्हा या, वाटेल ते घेऊन जा’ असा नाही. याबद्दल पुढे.

अल्बम, अल्बम म्हणून एवढं कौतुक कशाला? फोटो महत्त्वाचा की पुठ्ठा?

हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर पटलं तर बाकीची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

जुन्या फोटोंच्या बाजारात अल्बम फोडून विकण्यात पैसा आहे. शंभर फोटोंच्या अल्बममध्ये पाच नामवंतांचे असतील तर ते पाच सुटे काढायचे, फ्रेम करून चढ्या भावाने विकायचे, उरलेले गठ्ठ्याने उडवायचे. अल्काझींच्या संग्रहात मोठ्या प्रमाणावर अख्खे अल्बम आहेत. माझ्या मते हीच या संग्रहाची खरी श्रीमंती.

उदाहरण घ्या. सर जॉन मार्शल १९०२ ते १९२८ पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. मोहेंजोदडो, तक्षशिला, सांची ही त्यांच्या कारकिर्दीतली कामं. त्यांचे स्वतःजवळचे अल्बम या संग्रहात आहेत. सुटा पाहिला तर त्यातला फोटो म्हणजे एक पडका स्तूप, बस्स. पण तोच फोटो आधी झाडोऱ्याने वेढलेला, मग साफ केलेला, मग डागडुजी झालेला असा ओळीने पाहिला की उत्खननाला आपलं काम कसं दाखवायचं होतं ते कळतं. कुठला टप्पा वगळला तेही दिसतं. हा क्रम एकदा मोडला की जगातला कुठलाही तज्ज्ञ तो पुन्हा लावू शकत नाही.

दुसरं उदाहरण जेम्स वॉटरहाऊसचं. हा तरुण लष्करी अधिकारी १८६१ च्या अखेरीस मध्य हिंदुस्थानात लोकांचे फोटो काढायला निघाला आणि १८६२ मध्ये भोपाळला पोचला. सरकारला हवे होते जातीजमातींचे नमुने. तिथे गाठ पडली भोपाळच्या सिकंदर बेगमशी. बेगमेने स्वतःहून वेगवेगळ्या पोशाखांत फोटो काढून घेतले. एका पानावर सरकारी ‘नमुना’ आणि दुसऱ्या पानावर आपण कसं दिसायचं ते स्वतः ठरवणारी राज्यकर्ती! दोन्ही पानं एकत्र असली तरच ही गंमत उरते.

ग्रीनलॉचे हंपीचे फोटो इतके का गाजले?

अलेक्झांडर ग्रीनलॉ हा मद्रास फौजेतला अधिकारी. १८५५-५६ च्या सुमारास त्याने हंपीचे अवशेष टिपले, आणि तेही मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर. हे निगेटिव्ह साधारण दीड फूट लांबीरुंदीचे. तेव्हा फोटो मोठा करून छापायची सोय नव्हती. निगेटिव्ह कागदावर दाबून उन्हात धरायचा आणि जेवढा निगेटिव्ह तेवढाच फोटो मिळवायचा. म्हणजे कॅमेराही तेवढाच अगडबंब, आणि तो हंपीच्या खडकांतून वाहून न्यायचा.

ही पद्धत गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच माणसाने १८५१ मध्ये जाहीर केली. चांगला कागद घ्यायचा, त्यात वितळलेलं मेण मुरवायचं आणि जादा मेण इस्त्रीने टिपून घ्यायचं. मग कागद आयोडाइडच्या द्रावणात बुडवून वाळवायचा. वापरण्याआधी अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये घालून पुन्हा वाळवायचा. असा कागद काही दिवस टिके आणि फोटो काढल्यावर डेव्हलप करायचीही लगेच घाई नसे. उन्हाळ्यात, वाटेत, तंबूत काम करणाऱ्याला ही केवढी सोय! काचेच्या ओल्या प्लेटची रीत त्याच वर्षी निघाली होती, पण तिथे प्लेट ओली आहे तोवरच सगळं उरकावं लागे.

कागदाचा दोष असा की उजेड बराच वेळ द्यावा लागे. चालता माणूस उमटतच नसे. म्हणून त्या काळचे फोटो निर्मनुष्य वाटतात आणि आपण उगाच म्हणतो, किती उजाड होतं बघा.

आता मुख्य गोष्ट. विठ्ठल मंदिरापुढचा दगडी रथ आपण पन्नासच्या नोटेवर पाहतो. त्याला वर शिखर नाही, सपाट आहे. ग्रीनलॉच्या फोटोत त्याच रथावर विटांचं शिखर उभं आहे! ते पुढे काढून टाकलं गेलं. रथ मूळचाच असा असं आज मानणाऱ्याला एका कागदी निगेटिव्हने दिलेलं हे उत्तर आहे. १९८० च्या दशकात जॉन गोलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने ग्रीनलॉ उभा होता त्याच जागा शोधून पुन्हा फोटो काढले. दोघांचे फोटो शेजारी ठेवून पाहण्यात एखादी दुपार सहज जाते.

जुने फोटो पिवळट-तपकिरी का असतात? वय झालं म्हणून?

काही अंशी वय, बराचसा मसाला. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक फोटो अल्ब्युमेन कागदावरचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यात मीठ घालून तो थर कागदावर चढवलेला. फोटोचा मूळ रंगच जांभळट-तपकिरी असे. कालांतराने पांढरे भाग पिवळे पडतात आणि बारकावे फिके होतात. हा कागद इतका पातळ की मोकळा ठेवला तर सुरळी होते, म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवत.

यात महाराष्ट्राचं काय आहे?

संग्रहातला अमुक फोटो अमुक गावचा, अशी यादी मी इथे देत नाही. त्यासाठी कॅटलॉग पाहावा. पण ज्या काळाचा हा संग्रह, त्या काळात मुंबई ही फोटोग्राफीची मोठी पेठ होती एवढं नक्की.

बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉ. नारायण दाजी होते, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू. पेशाने डॉक्टर, हौस फोटोची. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले. स्वतःचा स्टुडिओ काढून धंदा करणाऱ्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांत त्यांचं नाव येतं. हेच गृहस्थ पुढे मुंबईच्या आर्य समाजाचे अध्यक्ष झाले. १८७९ मध्ये थिऑसॉफी या अध्यात्मपंथाचे मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट मुंबईत उतरले, तेव्हा त्यांचं आगत-स्वागत करून हरिश्चंद्रांनी नंतर त्या स्वागताचंच बिल त्यांच्या हाती ठेवलं. फोटोवाल्याला हिशेब पक्का लागतो!

विल्यम जॉन्सन हाही मुंबईचाच छायाचित्रकार. मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींवर त्याने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. त्यातली माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतला; दोन्ही कापून-जोडून एक केलेले. फोटो म्हणजे पुरावा असं मानणाऱ्यांनी हे खंड जरूर बघावेत.

अजिंठ्याचा मेजर रॉबर्ट गिल तर आपल्याला ठाऊकच असतो. १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून त्याने चित्रांच्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्या नकला १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. दरम्यान तो फोटो काढायला शिकला होता, म्हणून वेरूळ-अजिंठ्याची त्या काळची दृश्यं तरी उरली. त्याची कबर भुसावळला आहे.

छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे नाव या संग्रहात हटकून भेटतं. ते इंदूर-हैदराबादचे म्हणून प्रसिद्ध, पण १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ थाटला होता.

हाताने रंगवलेले फोटोही आहेत म्हणे?

आहेत, आणि सुंदर आहेत. संस्थानिकांच्या, शेठ-सावकारांच्या फोटोंवर चितारी रंग चढवत. कधी इतका जाड थर की खाली फोटो आहे हे शोधावं लागतं. चेहरा कॅमेऱ्याचा, बाकी सगळं कुंचल्याचं. जुन्या वाड्यांत पणजोबांच्या पागोट्याला लाल आणि पणजीच्या नथीला सोनेरी ठिपके दिलेले फोटो असत, ते याच जातकुळीतले.

हे बहुतेक फोटो साहेबाने साहेबासाठी काढलेले. आपण ते का मिरवायचे?

मिरवू नका, वाचा. १८५८ मध्ये फेलिचे बिआटोने लखनऊच्या सिकंदर बागेचा फोटो काढला. अंगणात मानवी सांगाडे विखुरलेले, मागे पडकी इमारत, मध्ये चार-पाच जिवंत माणसं. तिथली उठावातली लढाई आधल्या वर्षी, नोव्हेंबर १८५७ मध्ये झाली होती. बिआटो पोचला तो काही महिन्यांनी, आणि हाडं फोटोसाठी मांडली असावीत असं अभ्यासक मानतात. जिंकणाऱ्याने केलेली ही मांडणी आहे. ती दृष्टीआड केली तर ते कसे बघत होते हे आपल्याला कधीच कळणार नाही. दिल्ली दरबारांच्या अल्बमांचं तेच. हत्ती, शामियाने, रांगेत उभे राजे. कोणाला पुढे बसवलं आणि कोणाला खांबाआड ढकललं, ते पाहिलं की एक पानभर इतिहास वाचल्यासारखं होतं.

तरीही एक तक्रार माझीही आहे. अशा संग्रहांत राजे, साहेब आणि शिळा भरपूर. भाजीवाली, गिरणीकामगार, शेतकरी कमी, आणि असले तरी बिननावाचे. दोष जमवणाऱ्याचा कमी, कॅमेरा कोणाच्या हातात होता त्याचा जास्त.

पाहायला कुठे जायचं?

दिल्लीत, ग्रेटर कैलाश भागात. मात्र हे तिकीट काढून हिंडायचं संग्रहालय नव्हे. काय पाहायचंय आणि कशासाठी ते आधी लिहून कळवायचं आणि वेळ ठरवूनच जायचं. विषय नेमका सांगा. ‘जुने फोटो दाखवा’ म्हणून गेलात तर तुमचाही वेळ जाईल आणि त्यांचाही. अभ्यास नाही, नुसती हौस आहे, अशांनी प्रदर्शनांवर लक्ष ठेवावं किंवा संग्रहावर निघालेली पुस्तकं मोठ्या ग्रंथालयात मागवून बघावीत. छपाई देखणी आहे. किंमतही तशीच.

सगळं ऑनलाइन का टाकत नाहीत?

प्रत्येक फोटो साफ करून, मापं-नोंदी घेऊन, स्कॅन करून, खाली खात्रीची माहिती लिहायची म्हणजे एकेका अल्बमला महिने लागतात. शिवाय संस्थेचा खर्च काही अंशी प्रतींच्या शुल्कावर चालतो, असं जगभरातल्या खासगी संग्रहांत दिसतं. मला विचाराल तर निदान लहान आकारातले फोटो आणि पूर्ण कॅटलॉग सगळ्यांना मोकळा असावा. ज्याला छापायचंय त्याच्याकडून जरूर पैसे घ्या.

इतक्या जुन्या फोटोंवर कोणाचा हक्क? मी माझ्या पुस्तकात वापरू शकतो का?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कागदाची मालकी एक, कॉपीराइट दुसरा.

आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. १८५६ च्या फोटोचा कॉपीराइट केव्हाच संपला. पण तो फोटो ज्याच्या कपाटात आहे, त्याने स्वतःच्या अटींवर प्रत द्यावी किंवा देऊ नये, हा त्याचा अधिकार उरतोच. म्हणून मोठ्या आकाराची प्रत हवी तर परवानगी मागा, शुल्क विचारा आणि खाली संग्रहाचा उल्लेख त्यांनी सांगितला तस्साच छापा.

जाता जाता घरचा मुद्दा. तुम्ही पैसे देऊन कोणाकडून फोटो काढून घेतलेत आणि वेगळा करार केला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो, स्टुडिओवाला नाही. लग्नाच्या अल्बमवरून भांडणं होतात तिथे हे उपयोगी पडतं. करारावर सही करण्याआधी मात्र बारीक अक्षरं वाचा.

संग्रह सरकारला का दिला नाही?

ते अल्काझीच सांगू शकले असते. सरकारी ठिकाणी चांगलं काम होतच नाही असं नाही. राजा दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा साठा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेच. खासगी न्यासाची अडचण पैशाची आणि वारसांची. पुढच्या पिढीला रस नसेल तर संग्रह पुन्हा लिलावात जायला वेळ लागत नाही. इथे पुढच्या पिढीला रस आहे, हे नशीब.

आमच्या घरीही पेटीभर जुने फोटो आहेत. काय करू?

आधी काय करू नये ते सांगतो. ओल्या फडक्याने पुसू नका. फाटलेल्यावर चिकटपट्टी लावू नका. पाठीमागे बॉलपेनने नावं लिहू नका. शाई पुढे उमटते. मऊ शिसपेन्सिल घ्या, फोटो पालथा ठेवा आणि कडेला हलक्या हाताने लिहा.

१९८०-९० च्या दशकांतले चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम घरोघर आहेत. फोटोंचे हे खरे वैरी. गोंद पिवळा पडतो आणि फोटो पानाला कायमचा धरतो. सहज सुटत असेल तर पातळ दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू ओढत काढा. अडला की तिथेच थांबा आणि पानासकट स्कॅन करून घ्या. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचंही तेच; ओढाल तर चेहरा काचेवर राहील.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशीची भीती. पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. लोखंडी कपाटाचा मधला कप्पा बरा. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ नकोत. कसरीसाठी अधूनमधून सगळं बाहेर काढून बघणं हाच उपाय.

स्कॅन करताना अल्बमच्या पूर्ण पानाचा आधी एक फोटो घ्या, मग सुटे. कुठला फोटो कुठल्याशेजारी होता ते त्याशिवाय कळणार नाही. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव, तारीख तिथेच असते.

आणि हे सगळं करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला अल्बम घेऊन बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. ‘ही कोण?’ एवढंच विचारा. मध्ये बोलू नका. स्कॅनिंग पुढच्या वर्षी झालं तरी चालेल, हे मात्र याच सुट्टीत उरका.

असे घरचे फोटो एखाद्या संस्थेला द्यायचे झाले तर?

देण्याआधी लेखी विचारा: मूळ फोटो परत मिळणार की फक्त स्कॅनसाठी हवेत, कॉपीराइट कोणाकडे राहणार, अल्बम अखंड ठेवणार की फोडणार, घरच्यांना चांगल्या दर्जाची प्रत मिळणार का, आणि संस्था बंद पडली तर संग्रह कुठे जाणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर स्कॅन द्या, मूळ प्रती घरीच ठेवा. फोटोंत हयात माणसं असतील, तर त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि भावंडांत वाटणी करून निम्मे इकडे, निम्मे तिकडे असं करू नका; स्कॅन सगळ्यांना द्या, अल्बम एकाकडे राहू द्या.